आत्तीच्या गाठी आणि बटाट्यातली पांढरी पट्टी

आत्तीच्या पाठीला तेल लावताना मला त्या गाठी दिसल्या. डाव्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन तिला दोन वर्षं झाली होती, त्यानंतरची केमो आणि रेडिएशनही संपलं होतं. व्रणाच्या रेषेवर, काखेच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तीन लालसर गाठी होत्या. "घामोळं असंल गं," आत्ती म्हणाली. मे महिना होता, शाहूपुरीतल्या तिच्या माडीवर पत्रा तापून घामाच्या धारा लागल्या होत्या. पण घामोळं असं टणक नसतं आणि एका ओळीत येत नाही. आठवड्याभरानं बायोप्सीचा रिपोर्ट आला. आजार जिथं होता तिथंच, कातडीत परत आला होता.

आत्ती म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. आई नोकरीला जायची, म्हणून शाळा सुटली की मी आत्तीकडे. दहावीपर्यंत माझी वेणी तिनंच घातली. पुढं जे सांगणार आहे त्यात प्रयोगशाळा जास्त आहे, पण ते सगळं तिच्यापायी झालं.

आधी दाखवलं तिथं एकांनी फाइल चाळून "आता ड्रेसिंग करत राहा" एवढंच सांगितलं. त्या दिवशी परत येताना रिक्षात आत्ती एक शब्द बोलली नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा स्कॅन करायला लावलं. फुप्फुसात एक बारीक ठिपका निघाला. जूनमध्ये केमोच्या गोळ्या सुरू झाल्या.

जुलैत कॉलेज उघडलं आणि एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट वाटले गेले. मॅडमनी मला विषय दिला तो इलेक्ट्रोपोरेशनचा: विजेच्या पल्सनं, म्हणजे क्षणभराच्या ठोक्यानं, ई. कोलाय जिवाणूत प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं गोल कडं, घालायचं. मला तोपर्यंत त्याबद्दल परीक्षेत अर्धं पान लिहिण्यापुरतंच माहीत होतं. पेशीचा पडदा फक्त ५ नॅनोमीटर जाडीचा, तेलकट. पाण्यात विरघळणारी मोठी वस्तू त्यातून आत जात नाही. बाहेरून क्षणभर विजेचा दाब दिला की पडद्याला सूक्ष्म छिद्रं पडतात, बाहेरचं आत जातं आणि दाब गेल्यावर छिद्रं आपोआप बुजतात. दाब कमी पडला तर दार उघडत नाही. जास्त झाला तर बुजतच नाही आणि पेशी मरते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची, हा माझा प्रोजेक्ट.

ऐकायला सोपं वाटतं. मला जमायला दीड महिना लागला.

पहिली अडचण धुण्याची. जिवाणू वाढवायचे ते खारट माध्यमात, आणि पल्स द्यायचा तर मिठाचा मागमूस राहता कामा नये, कारण मीठ असलं की वीज पेशींवर दाब द्यायच्या ऐवजी सरळ द्रवातून धावते. म्हणून बर्फात ठेवलेल्या पाण्यानं दोनदा, मग १० टक्के ग्लिसरॉलनं धुवायचं. प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचं, वरचं पाणी काढायचं, तळाशी बसलेल्या पेशी पुन्हा हलक्या हातानं सोडवायच्या. ग्लिसरॉलमध्ये तो तळाचा गोळा घट्ट बसत नाही, नळी तिरकी केली की साय सरकावी तसा सरकतो. तीन तासांची मेहनत पाण्याबरोबर जाईल या भीतीनं मी थोडं पाणी मागे ठेवायची. त्या थोड्याशा पाण्यातलं मीठ मला नडलं.

पहिला पल्स दिला तेव्हा कॅव्हेटमधून 'फट्ट' असा आवाज आला आणि आत निळसर ठिणगी दिसली. कॅव्हेट म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत समोरासमोर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये १ मिलिमीटरची फट. त्या फटीत पेशी आणि प्लास्मिड, आणि त्यावर १८०० व्होल्ट. आवाज ऐकून लॅबमधले मामा धावत आले. त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं, माझा हात धरून लांब उभं केलं आणि मग विचारलं, "लागलं न्हाई न्हवं कुठं?" पेशी सगळ्या मेल्या होत्या. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर दोन दिवस काही उगवलं नाही.

दुसऱ्या खेपेला ठिणगी पडली नाही, पण यंत्रानं टाइम कॉन्स्टंट दाखवला ३.१ मिलिसेकंद. आमचं यंत्र कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडणारं आहे. व्होल्टेज झटक्यात चढतं आणि मग हळूहळू उतरतं. किती वेळात उतरलं त्यावरून द्रवात मीठ किती होतं ते कळतं. ई. कोलायसाठी तो आकडा ५ च्या आसपास हवा. मॅडम म्हणाल्या, "प्लेट बघायच्या आधी हा आकडा बघायला शिक." चौथ्या खेपेला ४.८ आला. तेव्हा मी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढलं होतं, थोड्या पेशी गेल्या तर गेल्या म्हणून. पल्सनंतर लगेच कोमट पोषक माध्यम घालायचं असतं, कारण छिद्रं उघडी असलेल्या पेशी फार अशक्त असतात. मिनिटभर उशीर झाला तरी जगणाऱ्यांची संख्या झपाट्यानं घसरते. मी पिपेट आधीच भरून हातात धरून उभी होते. बाहेर पाऊस लागला होता, पंचगंगेनं पात्र सोडल्याच्या बातम्या येत होत्या, आणि मला सगळा वेळ धास्ती होती ती मध्येच लाइट जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली प्लेट धरली. हिरवे ठिपके चमकत होते. आमच्या प्लास्मिडवर हिरवं चमकणारं प्रथिन बनवायचं जनुक होतं, मूळ एका जेलीफिशचं. समुद्रातल्या प्राण्याचं जनुक कोल्हापुरातल्या एका प्लेटवर जिवाणूंच्या पोटात काम करत होतं. मी तिथंच रडले. मामांनी मान वळवली आणि मोठ्यानं नळ सोडला.

संध्याकाळी आत्तीकडे गेले आणि मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मी तिला समजेल असं सांगितलं, की विजेचा ठोका दिला, जिवाणूला दार पडलं, आत वस्तू गेली. ती फोटोकडे बघतच म्हणाली, "मग माझ्या गाठीत घालता येईल काय गं असं औषध?"

मी म्हणाले, "तसं नसतं आत्ती, हे जिवाणूंचं आहे." हे मी काही माहिती नसताना बोलले होते, आणि ते रात्री झोपू देईना.

वाचायला घेतलं तेव्हा कळलं की आत्तीचा प्रश्न नवा नव्हता. १९८२ साली एबरहार्ट नॉयमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विजेच्या पल्सनं उंदराच्या पेशींत जनुक घातलं, तिथून माझ्या प्रोजेक्टची वाट सुरू होते. आणि १९८८ मध्ये फ्रान्सला, पॅरिसजवळच्या विलज्विफ गावी, गुस्ताव रूसी संस्थेत लुई मीर आणि सहकाऱ्यांनी हेच दार औषधासाठी उघडलं. पुढच्या काही वर्षांतच ते डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या कातडीवर आलेल्या गाठींवर रुग्णांत वापरून पाहिलं गेलं. या उपचाराला इलेक्ट्रोकेमोथेरपी म्हणतात.

औषध जुनंच, ब्लिओमायसिन. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी १९६० च्या दशकात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते मिळवलं. हे औषध पेशीच्या आत गेलं की डीएनए कापतं. मोजके काहीशे रेणू आत गेले तरी विभागायला निघालेली पेशी मरते. पण रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा, त्यामुळे तेलकट पडद्यातून तो जवळजवळ जातच नाही. रक्तातून गाठीपर्यंत पोचतो आणि पेशीच्या उंबऱ्यावर थांबतो. डोस वाढवत जावा तर फुप्फुसं कडक व्हायची भीती. हे वाचताना मी वहीत एकच वाक्य लिहिलं: औषध अंगात आहे, पेशीत नाही. आत्तीनं सहा केमो घेतल्या, केस गेले, नखं काळी पडली, जिभेची चव गेली. त्यातलं कितीसं औषध तिच्या त्या पेशींच्या आत पोचलं असेल, हा विचार मनातून जाईना. तिची औषधं वेगळी होती, त्यांचं आत जाण्याचं गणितही वेगळं, हे मला माहीत आहे. तरी तो विचार जाईना.

मग एक गोष्ट अडली. माझ्या जिवाणूंना मी दर सेंटिमीटरला १८,००० व्होल्ट देत होते. माणसाच्या गाठीला देतात १००० ते १३००. एवढा फरक कसा? शनिवारी दुपारी लायब्ररीत कागद घेऊन बसले. पेशीच्या पडद्यावर पडणारा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: दीड गुणिले बाहेरचं विद्युत क्षेत्र (म्हणजे दर सेंटिमीटरला किती व्होल्ट) गुणिले पेशीची त्रिज्या. जिवाणूची त्रिज्या धरली अर्धा मायक्रॉन, उत्तर आलं १.३५ व्होल्ट. गाठीतल्या पेशीची धरली ८ मायक्रॉन आणि क्षेत्र १०००, उत्तर आलं १.२ व्होल्ट. म्हणजे दोन्ही दारं साधारण एकाच दाबाला उघडतात. पेशी जेवढी मोठी, तेवढं बाहेरून कमी लागतं. एक व्होल्ट म्हणजे हातातल्या सेलपेक्षाही कमी, पण तो ५ नॅनोमीटरवर पडतो. दर सेंटिमीटरला हिशेब केला तर २० लाख व्होल्ट. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

उपचाराची रीत २००६ मध्ये युरोपात एकसारखी बांधून दिली गेली. फ्रान्स, स्लोव्हेनिया, डेन्मार्क आणि आयर्लंड इथल्या केंद्रांनी मिळून ती तयार केली. औषध शिरेतून द्यायचं, ८ मिनिटं थांबायचं, म्हणजे ते गाठीत पसरतं, आणि पुढच्या २० मिनिटांत पल्स द्यायचे. एका जागी ८ पल्स, प्रत्येकी १०० मायक्रोसेकंद. त्या अभ्यासात ४१ रुग्णांच्या १७१ गाठी तपासल्या, त्यातल्या ८५ टक्के गाठींनी दाद दिली आणि ७४ टक्के दिसेनाशा झाल्या. गाठी लहान असतील तर गुण जास्त, ३ सेंटिमीटरच्या वर गेल्या की कमी. पल्सनं स्नायू आखडतात, दुखतं, म्हणून जागा बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. आठही पल्स सेकंदाच्या छोट्याशा भागात एकामागोमाग दिले तर स्नायू आठ वेळा न आखडता एकदाच आखडतो.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. पल्स दिल्यावर त्या जागेचा रक्तपुरवठा काही काळ आवळला जातो. त्यामुळे औषध तिथंच कोंडून राहतं, आणि गाठीतून रक्त येत असेल तर ते थांबतं. आत्तीची मधली गाठ ऑगस्टमध्ये फुटली होती. ब्लाउजला डाग पडायचा म्हणून ती पदर घट्ट लपेटून बसायची. मंगळागौरीला बोलावणं आलं तर गेली नाही. कॅन्सर बरा होण्याच्या गोष्टी सगळे करतात. डाग न पडता चारचौघींत बसता येणं, ही तिची गरज कुठल्याच फाइलवर लिहिलेली नव्हती.

जनुकांचंही वाचलं, कारण तिनं विचारलं होतं ते माझं हिरवं जनुक बघून. औषधाचा रेणू छिद्रातून आपला आपण आत झिरपतो, जनुकाचं तसं नाही. प्लास्मिड हजारो पटींनी मोठं. त्याच्यावर ऋण भार असतो, म्हणून वीज त्याला ढकलत नेते आणि पडद्याला चिकटवते. तिथून आत शिरायला पुढं काही मिनिटं जातात. म्हणून जनुकासाठी आधी दार उघडणारा छोटा जोरदार पल्स आणि मागून ढकलणारा लांब हलका पल्स अशी जोडी काही ठिकाणी वापरतात. माझ्या यंत्राचा झटक्यात चढून हळू उतरणारा पल्स ही दोन्ही कामं एकाच वेळी करत होता, हे मला तेव्हा उमगलं.

२००८ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या २४ रुग्णांच्या गाठींत इंटरल्यूकिन-१२ चं जनुक टोचून पल्स दिले, त्याचा अहवाल आला. हे प्रथिन शरीराच्या राखणदार पेशींना जागं करतं. गाठीतल्या पेशीच ते बनवू लागल्या, आणि काही थोड्या रुग्णांत हात न लावलेल्या लांबच्या गाठीही कमी झाल्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर २०२३ मध्ये ब्रिटननं मान्यता दिलेल्या जनुक-संपादनाच्या उपचारातही रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांना विजेचा पल्सच देतात. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी घडवलेल्या, त्याच वर्षी मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात, म्हणजे रुग्णाच्याच राखणदार पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवायच्या उपचारात, जनुक पोचवायला विषाणूचा वापर होतो. पडदा तोच, पोचवणारा वेगळा.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आत्तीची तपासणी होती. पप्पांच्या ऐवजी मी गेले आणि डॉक्टरांना सगळं विचारलं. बाहेर पस्तीस माणसं बसली होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं. ते म्हणाले, "आमच्याकडे ते यंत्र नाही. आणि असतं तरी तुझ्या आत्तींना आज अंगभर जाणारं औषध आधी हवं, फुप्फुसातला ठिपका विसरून चालणार नाही. वीज लावली तेवढ्या जागेचाच हा उपाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पण जखमेचा त्रास वाढला तर हा विचार चुकीचा नाही. मी फाइल ओळखीच्या तज्ज्ञांना पाठवतो." मी उठताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "दोन सुया एक सेंटिमीटर अंतरावर टोचल्या आणि त्यांच्यात १००० व्होल्ट दिले. मधल्या पेशीला १००० मिळतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. कॅव्हेटमध्ये दोन सपाट पट्ट्या असतात, सगळीकडे क्षेत्र सारखं. सुयांचा विचार मी केलाच नव्हता. आत्ती शेजारी बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांनी इच्यारलंय न्हवं, मग शोधून सांग की."

शोधायला बटाटा उपयोगी पडला. पल्सच्या अभ्यासात बटाटा जगभर वापरतात. कापलेला बटाटा काळा पडतो, कारण पेशीच्या कप्प्यांतलं एक एन्झाइम आणि फिनॉल नावाची रसायनं एरवी वेगळी असतात ती एकत्र येतात आणि त्यांना हवा लागते. जबर पल्सनं पडदे कायमचे फाटले तरी तेच होतं. म्हणजे जिथं वीज पुरेशी पोचली ती जागा दुसऱ्या दिवशी आपोआप काळी दिसते. बटाट्याच्या पेशी मोठ्या, म्हणून व्होल्टेजही कमी पुरतं. हेच सूत्र पुन्हा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मैत्रिणीनं तिच्या सरांच्या देखरेखीखाली चौकोनी, म्हणजे झटक्यात चढून झटक्यातच उतरणारा, पल्स देणारं सर्किट बांधलं: ४०० व्होल्टला भरलेला कपॅसिटर, जास्त व्होल्टेज झटक्यात चालू-बंद करणारा एक आयजीबीटी स्विच आणि १०० मायक्रोसेकंद मोजणारा मायक्रोकंट्रोलर. सरांनी दोन गोष्टींशिवाय हात लावू दिला नाही. झाकण उघडलं की कपॅसिटर रेझिस्टरमधून आपोआप रिकामा झाला पाहिजे, आणि काम करताना डावा हात पाठीमागे. ४०० व्होल्टचा भरलेला कपॅसिटर बंद यंत्रातही माणसाला मारू शकतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. घरी कुणी हे करून बघू नये, म्हणून मीही सांगते.

सुया धरायला ॲक्रिलिकचा तुकडा हवा होता, त्याला एकीकडे ६ आणि दुसरीकडे १२ मिलिमीटर अंतरावर भोकं. त्यासाठी उद्यमनगरला गेले. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या काकांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं चालतंय काय?" मी सांगितलं, चालत नाही, कारण व्होल्टेज भागिले अंतर हाच सगळा हिशेब आहे. कशासाठी आहे तेही सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, बारीक माप घेणारा व्हर्नियर काढला, सेंटर पंच मारून आधी बारीक ड्रिल चालवलं, मग मापाचं. अंतर पुन्हा मोजून माझ्या हातात व्हर्नियर दिला, "तूच बघ, म्हणजे शंका नको." १२.०२ होतं. पैसे घेतले वीस रुपये.

बटाट्याला ८ पल्स दिले तेव्हा काहीच दिसलं नाही. ना आवाज, ना रंग. बटाटा ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी सुयांच्या आडव्या रेषेत काप काढला. ६ मिलिमीटरवाल्या बाजूला दोन काळी वर्तुळं मध्ये मिळून इंग्रजी आठाच्या आकृतीसारखा एक डाग झाला होता. १२ वाल्या बाजूला प्रत्येक सुईभोवती एकेक काळं वर्तुळ, आणि मध्ये स्वच्छ पांढरी पट्टी.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. सुईजवळ क्षेत्र तीव्र असतं आणि लांब जाताना ओसरतं. मधल्या पेशीला आकड्यात सांगितलेलं मिळत नाही, खूप कमी मिळतं. मी नंतर गणित केलं तर बारीक सुया १२ मिलिमीटरवर असताना मध्यावर दर सेंटिमीटरला २०० व्होल्टच्याही आत येत होते, आणि ६ वर साडेचारशेच्या पुढे. उपचारात म्हणूनच सुयांचा पुंजका वापरतात, षटकोनात सहा आणि मध्ये एक, आणि जोड्या बदलत सगळ्या दिशांनी पल्स देतात. खोल गाठी असतील तर आधी संगणकावर क्षेत्राचा नकाशा काढून मग सुया कुठं टोचायच्या ते ठरवतात. स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या विद्यापीठात दामियान मिकलावचिच यांच्या गटानं या कामात आयुष्य घातलं आहे. गाठीच्या कडेच्या निरोगी कातडीचाही थोडा भाग क्षेत्रात घेतात, आणि ती कातडी बहुतेक वाचते, कारण ब्लिओमायसिन विभागणाऱ्या पेशींना गाठतं.

दोन्ही काप मी डब्यात घालून आत्तीकडे नेले. ती जोत्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं काप हातात घेतले, उजेडाकडे धरले. आयुष्यभर बटाटे चिरलेला हात, तिला काळं का पडलं ते सांगावं लागलं नाही. सुया कुठं होत्या तेवढं दाखवलं. मग तिनं लसणाच्या वासाचं बोट त्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं.

"हे मधलं राह्यलं की."

"हो."

"हितनंच परत आलं असणार माझं."

मी काही बोलले नाही. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, प्रत्येकाची पोच वेगळी आणि प्रत्येकाची पांढरी पट्टी वेगळी. तिच्या बाबतीत नेमकं कुठं राहिलं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण दोन वर्षं ती मनात एकच धरून बसली होती, की आपलंच काहीतरी चुकलं, पथ्य मोडलं, कुणाच्या तरी हातचं खाल्लं. ती ते बोट पट्टीवर बराच वेळ तसंच ठेवून होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या खाण्यापिण्यानं न्हवं."

"नव्हं आत्ती. तुझ्या कशानंच नव्हं."

गोळ्या चालू आहेत. दोन गाठी सपाट झाल्या, फुटलेली तिसरी अजून ओलसर आहे. डॉक्टरांनी पाठवलेल्या फाइलचं उत्तर यायचं आहे. मी ते दोन काप त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी फोटो काढून घेतला आणि विचारलं, चार सुयांनी काय होतं?

उद्यमनगरच्या काकांनी आता सात भोकांचा तुकडा करून दिला आहे. काल संध्याकाळी आत्तीच्या घरून निघताना मी बटाटे मागितले. तिनं टोपली पुढ्यात ओढली, चार-पाच दाबून पाहिले, एक बाजूला ठेवला. "ह्यो मऊ पडलाय, ह्यात तुला खरं दिसायचं न्हाई," म्हणाली, आणि तळातले तीन टणक काढून माझ्या पिशवीत टाकले.